ओटो म्हणजे धनाजी: हजार वर्षं जुन्या एका जर्मन नावाचा धागा

एल्बेकाठी

लेकीच्या बालवाडीत ओटो नावाची दोन मुलं आहेत. एक मोठा ओटो, एक छोटा ओटो. छोट्याला कायम सर्दी. परवा व्हिडिओ कॉलवर साताऱ्याच्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं बाई, रिक्षाचं नाव ठेवलंय होय पोराला?" हसून झालं, आणि मग तिचा नेहमीचा प्रश्न आला: "अर्थ काय गं त्याचा?"

शोधला. जुन्या जर्मनमध्ये 'ओत', उत्तरेच्या सॅक्सन बोलीत 'ओद', म्हणजे धन, मालमत्ता. ओडो, उडो ही त्याचीच भावंडं. थोडक्यात, आपला धनाजी. आई म्हणाली, "मग ठीक आहे."

आम्ही राहतो जर्मनीत, माग्देबुर्गला. हे गाव स्वतःला 'ओटोश्टाट', म्हणजे ओटोनगरी म्हणवून घेतं, आणि त्यामागे एक नाही, दोन ओटो आहेत. दुसऱ्याचं इथल्या विद्यापीठाला नाव आहे (आपली बरीच पोरं शिकतात तिथे), त्याच्याबद्दल कुणी इंजिनियर लिहील. मी पहिल्याबद्दल लिहिते, कारण तो घरापासून चालत दहा मिनिटांवर झोपलाय.

ओटो पहिला. जन्म ९१२, राजा झाला ९३६ साली. राज्याभिषेक आखेनला, शार्लमेन या आधीच्या थोर सम्राटाच्या गावी. त्या दिवशीच्या पंगतीची गंमत विडुकिंड नावाच्या साधूने लिहून ठेवली आहे. चार मोठ्या प्रांतांचे चार ड्यूक वाढपी झाले होते: एकाकडे सगळी व्यवस्था, दुसऱ्याकडे पंगत, तिसऱ्याकडे पेयं, चौथ्याकडे घोडे. म्हणजे आजपासून आम्ही तुमचे चाकर. त्यातल्या दोघांनी तीन वर्षांच्या आत बंड केलं आणि दोघेही ९३९ साली मेले. सख्खा भाऊ हाइनरिश त्या बंडात होताच, पुढे ९४१च्या ईस्टरला त्याने ओटोच्या खुनाचा कट केला. कट फुटला, आणि नाताळात भाऊ अनवाणी येऊन पायाशी लोळला. ओटोने माफ केलं. नंतर ९५३ साली पोटचा मुलगा उलटला. हे सगळं निस्तरत त्याने १० ऑगस्ट ९५५ला लेखफेल्डच्या मैदानात मग्यारांना (म्हणजे हंगेरियन लोकांना) असं हरवलं की त्यांच्या पश्चिमेकडच्या धाडी कायमच्या थांबल्या. ९६२ साली रोममध्ये पोपने त्याला सम्राट केलं. दुसऱ्याच वर्षी त्याने त्या पोपला पदावरून काढायला लावलं!

मला मात्र त्याच्या बायकोची गोष्ट जास्त आवडते. तिचं नाव एडिथ. इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाची नात. ओटोसाठी स्थळ मागितलं तेव्हा तिकडून दोन बहिणी पाठवल्या, बघा आणि पसंत करा म्हणून. (बोटीतून कांदेपोहे.) ओटोने एडिथ निवडली आणि लग्नानंतर तिला माग्देबुर्ग देऊन टाकलं. दागिना नाही, वाडा नाही, अख्खं गाव स्त्रीधन म्हणून. ती ९४६ साली गेली. विडुकिंड सांगतो की ती गेल्यावर ओटो लिहायला-वाचायला शिकला. पस्तिशीच्या घरातला राजा, बायको गेल्यावर मुळाक्षरं गिरवत बसलाय. हे वाक्य वाचल्यापासून त्याच्या थडग्याकडे माझी बघायची नजरच बदलली.

थडगं अगदी साधं आहे. कॅथेड्रलच्या आतल्या भागात एक दगडी पेटी, वर कुठल्या तरी जुन्या रोमन इमारतीतली संगमरवरी लादी. नक्षी नाही, पुतळा नाही. एडिथचं त्यामानाने सजवलेलं आहे, पण ते १५१०च्या सुमाराचं. सगळे समजत होते ते रिकामंच आहे. २००८ साली उघडलं, तर आत शिशाची छोटी पेटी, तिच्यावर एडिथचं नाव आणि आत हाडं. खरंच तिचीच का, हे दातांवरून ठरलं. लहानपणी आपण जिथलं पाणी पितो तिथल्या मातीची खूण दातांत राहून जाते. ही खूण निघाली दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या डोंगरांची. २०१० साली तिला पुन्हा तिथेच ठेवलं.

आणि आता खरी गंमत. एडिथ या नावातला 'एड' हा जुन्या इंग्लिशमधला 'एआद', आणि तो ओटोमधल्या 'ओद'चा सख्खा भाऊ. अर्थ तोच. म्हणजे एका छपराखाली धनाजी आणि धनश्री झोपलेत.

तुम्हाला ठाऊक असलेले ओटो येऊ द्या.

आळूवडी

मस्त धागा. ओटो, त्याची बायको ओटी, आणि दोघांचा स्वयंपाक ओट्यावर.

निमूट

@आळूवडी, आवरा.

चष्मेबहाद्दर

एल्बेकाठीताई, पहिल्यावर थांबलात, पण त्या घरात पाठोपाठ तीन ओटो झाले. आणि धनाजी म्हणताय खरं, पण पुढच्या दोघांच्या नशिबात धन फारसं दिसत नाही.

दुसरा ओटो. बापाने ९७२ साली त्याच्यासाठी कॉन्स्टँटिनोपलची सून आणली, थिओफानू. लग्नात तिला काय काय दिलं त्याचा कागद अजून आहे: जांभळ्या रंगाच्या चर्मपत्रावर सोन्याच्या शाईने लिहिलेला, जवळपास दीड मीटर लांब. आपल्याकडे लग्नाच्या याद्या व्हायच्या, त्यातली ही जगातली सगळ्यात देखणी यादी असावी. पण ९८२ साली दक्षिण इटलीत सिसिलीच्या अरबांनी त्याच्या फौजेची धूळधाण केली, आणि सम्राट घोडा समुद्रात घालून, पोहत, एका बायझंटाइन जहाजावर चढून निसटला. पुढच्याच वर्षी रोममध्ये हिवतापाने गेला. वय २८. सेंट पीटर्समध्ये पुरलेला हा एकमेव जर्मन सम्राट.

तिसरा ओटो त्या वेळी तीन वर्षांचा. ९८३च्या नाताळात आखेनला त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला, आणि समारंभ आटपतो न आटपतो तोच बाप गेल्याची बातमी आली. मग एका नातेवाईकाने पोरगंच पळवलं (इतिहासात त्याचं नाव 'भांडकुदळ हाइनरिश' असंच आहे!), आणि आई व आजी या दोन बायकांनी त्याच्याकडून राज्य परत मिळवून चालवलं. सासू-सुनेचं फार पटत नव्हतं, पण राज्य चाललं.

पोरगा मोठा झाला तो स्वप्नाळू. पंधराव्या वर्षी सम्राट झाला. चुलतभावाला पोप केलं, तो पहिला जर्मन पोप. तो गेल्यावर ९९९ साली आपल्या गुरूला पोप केलं. गुरू म्हणजे ऑरियाकचा गेर्बेर. आता सावरून बसा, कारण इथे आपला संबंध येतो. या गेर्बेरने एक गणनफलक बनवून घेतला होता. सत्तावीस रकाने, आणि शिंगापासून केलेल्या एक हजार सोंगट्या. सोंगट्यांवर जी नऊ चिन्हं कोरली होती ती भारतातून अरबांकडे आणि अरबांकडून स्पेनमध्ये गेलेल्या अंकांची. शून्य त्यात नव्हतं. रिकामा रकाना म्हणजे शून्य. आणि तिसऱ्या ओटोने या गुरूला पत्र लिहून अंकगणित शिकवायची विनंती केली होती, वर 'आमचा सॅक्सन गावठीपणा घालवा' असंही म्हटलं होतं. आपले एक-दोन-तीन असे एका ओटोच्या दारापर्यंत पोचले.

इसवी सन १०००मध्ये त्याने शार्लमेनची कबर उघडली. म्हातारा सम्राट सिंहासनावर बसलेला, हातमोजे फाडून नखं बाहेर आलेली, नाकाचा शेंडा झडलेला, तो ओटोने सोन्याचा बसवला, अशी गोष्ट आहे. इतिहासकार तो 'बसलेला' सम्राट काही मानत नाहीत. पण ही गोष्ट ज्याच्या तोंडी आली त्या लोमेल्लोच्या सरदाराचं नाव काय असेल? ओटो.

१००२ साली तिसरा ओटो एकविसाव्या वर्षी गेला. लग्न नाही, मूल नाही. घराण्यातली ओटोंची ओळ संपली.

कोपऱ्यातलं टेबल

@चष्मेबहाद्दर, चौथा विसरलात. तो वेगळ्या घराण्यातला, मामा, म्हणजे इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्ट, याच्या दरबारात वाढलेला. १२०९ला सम्राट, १२१४ला बुवीनच्या लढाईत फ्रान्सकडून मार खाल्ला, चार वर्षांनी गेला. त्याच्यानंतर जर्मनीच्या एकाही सम्राटाचं नाव ओटो नाही. नाव अपशकुनी ठरलं म्हणा हवं तर.

पाना-स्क्रू

इंजिनियर हजर. दुसरा ओटो माझ्याकडे.

ओटो फॉन गेरिके, जन्म १६०२, माग्देबुर्ग. शिकलेला कायदा आणि गणित, नोकरी गावच्या तटबंदीचा अभियंता. १६३१च्या मे महिन्यात कॅथलिक बाजूचा सेनापती टिली याच्या फौजांनी माग्देबुर्ग लुटलं आणि जाळलं. सुमारे २०,००० माणसं मेली. गेरिके बायकापोरांसह कसाबसा वाचला. पुढे ते राखेतलं गाव उभं करायला परत आला आणि १६४६पासून तीस वर्षं महापौर राहिला. निर्वातावरचे सगळे प्रयोग या महापौरकीच्या फावल्या वेळातले, हे आधी डोक्यात घ्या.

त्या काळी मोठमोठे पंडित म्हणायचे की पोकळी असूच शकत नाही, निसर्गाला ती खपत नाही. गेरिकेने वाद घातला नाही, पंप केला. आधी दारूच्या लाकडी पिंपात पाणी भरून ते उपसायला घेतलं, तर फटींतून हवा सूं सूं करत आत. मग तांब्याचा गोळा घेतला, तो हवा काढता काढता फाटकन चेपला. मग नीट गोल, जाड भिंतीचा करून घेतला. हे वाचून वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही तो आपला माणूस वाटेल. पहिला नग फुटणारच.

त्याचे दोन अर्धगोल सुमारे अर्ध्या मीटर व्यासाचे. मध्ये तेल-मेणात भिजवलेल्या चामड्याची चकती, नुसते एकमेकांना लावलेले, एक स्क्रू नाही. आतली हवा काढली. १६५७ साली माग्देबुर्गमध्ये दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. सुटेनात. हिशोब कुणीही करू शकतो: अर्ध्या मीटरच्या वर्तुळावर वातावरणाचा दाब म्हणजे सुमारे दोन टनांचं ओझं. आणि मग तोटी उघडून हवा आत सोडली की तेच गोळे हाताने वेगळे होतात.

गंमत अशी की सोळा घोड्यांची गरजच नव्हती. एक बाजू भिंतीला बांधून आठ घोडे लावले असते तरी ताण तितकाच पडला असता. महापौराला हे कळत नव्हतं? कळत असणारच. पण भिंत बघायला गर्दी जमत नाही.

त्याने घराला लावून उंच पाण्याचा वायुदाबमापक उभा केला होता, नळीत वर एक लाकडी बाहुला तरंगायचा. हवा बिघडायच्या आधी बाहुला खाली बुडायचा. १६६०मध्ये बाहुला एकदम तळाला गेला आणि गेरिकेने वादळ येणार म्हणून सांगितलं, ते आलं. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल विचार करा.

आता ताईंच्या आईचा रिक्षाचा मुद्दा. रिक्षातला 'ऑटो' ग्रीक, 'स्वतः' या अर्थाचा. जर्मन ओटोशी नातं नाही. पण चार फटक्यांचं (फोर-स्ट्रोक) इंजिन, तेव्हा गॅसवरचं, १८७६ साली चालवून दाखवलं ते निकोलाउस ओटोने, हे त्याचं आडनाव. जर्मनीत पेट्रोल इंजिनाला आजही 'ओटोमोटर'च म्हणतात, आणि त्या चक्राला ओटो चक्र. तेव्हा आजच्या सीएनजी रिक्षात ओटो बसलेला आहे. जुन्या टू-स्ट्रोक रिक्षा यात धरू नका. आजींना सांगा, निम्म्या बरोबर आहात.

एल्बेकाठी

@पाना-स्क्रू, 'भिंत बघायला गर्दी जमत नाही', कमाल! ते अर्धगोल आता म्युनिकच्या संग्रहालयात आहेत. आमच्याकडे लहान नकलेवर मुलांना ओढायला देतात. लेकीने आणि मोठ्या ओटोने पाय भिंतीला टेकवून ओढलं, दोघं मागच्या मागे पडली, पण गोळा सुटला म्हणून नव्हे, हात घसरले म्हणून. मग तिथल्या बाईंनी हळूच तोटी फिरवली, सुस्स आवाज झाला, आणि अर्धा गोळा लेकीच्या मांडीत पडला. ती चिडली. तिला वाटलं बाईंनी फसवलं.

अमरकोश

उशिरा आलो, पण माझ्याकडे एक साल आहे, ते टाकल्याशिवाय राहवत नाही. १८१५.

१ एप्रिल १८१५: ओटो फॉन बिस्मार्क, जन्म शोनहाउझेन, म्हणजे ताईंच्या माग्देबुर्गपासून लांब नाही.
१ जून १८१५: बव्हेरियाचा राजपुत्र ओटो, जन्म साल्झबुर्ग. पुढे ग्रीसचा राजा.
११ जून १८१५: ओटो ब्योटलिंक, जन्म सेंट पीटर्सबर्ग, जर्मन कुटुंबात.

अडीच महिन्यांत तीन ओटो. पहिला सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याबद्दल दुसरं कुणी लिहा. मी तिसऱ्यासाठी आलो आहे, कारण त्याचं नाव घेतल्याशिवाय संस्कृतच्या अभ्यासकाचा दिवस जात नाही आणि बाहेर त्याला कुणी ओळखत नाही.

ब्योटलिंकने पंचविशीच्या आत पाणिनीची अष्टाध्यायी संपादून छापली, बॉनला, १८३९-४० साली. आणि मग रुडोल्फ रोटबरोबर तो सेंट पीटर्सबर्ग कोश (संस्कृत-जर्मन) हाती घेतला. सात खंड, १८५५ ते १८७५. वेदांची बाजू मुख्यतः रोटकडे, बाकीचा डोंगर ब्योटलिंककडे. प्रत्येक शब्दाखाली तो शब्द कुठल्या ग्रंथात, कुठल्या ओळीत आला आहे ते. त्याआधीचे कोश 'असं म्हणतात' या थाटाचे होते. याने पुरावा मागितला. नंतरच्या प्रत्येक संस्कृत कोशाच्या पाठीवर या सात खंडांचा हात आहे. एवढं झाल्यावर माणूस थांबेल? त्याने एक आटोपशीर आवृत्ती करायला घेतली, ती १८८९ला संपली. कोशाच्या आधीच सैबेरियातल्या याकूत भाषेचं व्याकरण लिहून झालं होतं, आणि मधल्या काळात संस्कृत सुभाषितं जमवून जर्मन अनुवादासह छापली. दुसऱ्या आवृत्तीत ७,६१३ सुभाषितं आहेत. आपल्या शाळेच्या वहीत दहा असायची.

पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९४८पासून संस्कृतचा मोठा कोश चालू आहे, पहिला खंड १९७६चा, आणि अजून 'अ'चेच शब्द चालू आहेत. त्यावर हसणारे भेटतात. त्यांनी आधी एका शब्दाची चिठ्ठी करून पाहावी, कुठल्या ग्रंथातून, कोणत्या अर्थाने, कोणत्या ओळीत. ब्योटलिंकने अशा किती केल्या असतील याची कल्पना करवत नाही.

जोडीला हे: १८५९ ते १८६२ बिस्मार्क प्रशियाचा राजदूत म्हणून सेंट पीटर्सबर्गमध्येच होता. त्याच शहरात ब्योटलिंक कोशाची मुद्रितं तपासत होता. एका ओटोच्या डोक्यात जर्मनी जुळवायचं चाललेलं, दुसऱ्याच्या डोक्यात धातू आणि प्रत्यय. माझं मत विचाराल तर दुसऱ्याचं काम जास्त टिकलं. बिस्मार्कचं साम्राज्य १९१८ला गेलं. कोश रोज उघडतो.

कोपऱ्यातलं टेबल

@अमरकोश, नमस्कार स्वीकारा. १८१५चा दुसरा ओटो मी घेतो.

ग्रीस तुर्कांपासून सुटला तेव्हा युरोपच्या मोठ्या सत्तांनी ठरवलं की यांना राजा हवा, आणि १८३२ साली बव्हेरियाचा हा पोरगा दत्तक दिल्यासारखा दिला. १८३३ला उतरला तेव्हा वय १७, बरोबर बव्हेरियन फौज आणि बव्हेरियन कारभारी. राजधानी अथेन्सला नेली ती याच्या काळात, १८३४ साली. अथेन्स तेव्हा पडकं गाव होतं. १८४३ला लोक आणि सैन्य राजवाड्यासमोर जमले, राज्यघटना द्या म्हणून. द्यावी लागली. १८६२च्या ऑक्टोबरमध्ये गादीवरून काढलं. बरोबर एक महिना आधी, सप्टेंबर १८६२ला, बिस्मार्क प्रशियाचा पंतप्रधान झाला होता. एकाच वयाचे दोन ओटो, एक चढला, एक उतरला.

ग्रीकांनी हाकललेला हा राजा शेवटची वर्षं जर्मनीत बांबेर्गला राहिला, आणि तिथे घरात ग्रीकांचा तो चुणीदार घागऱ्यासारखा पोशाख घालून हिंडायचा. १८६७ला तिथेच गेला. त्याला ग्रीस आवडत होता हो. ग्रीसला तो आवडला नाही.

पण देवाच्या दारी न्याय आहे. २००४ साली ग्रीसने युरोपचा फुटबॉल कप जिंकला, लिस्बनला, यजमान पोर्तुगालला १-० हरवून. प्रशिक्षक जर्मन, ओटो रेहागेल. ग्रीकांनी त्याला काय नाव दिलं? राजा ओटो.

आळूवडी

बिस्मार्कला 'सगळ्यांना ठाऊक' म्हणून सोडून दिलंत, हे बरोबर नाही. कामगारांचा आजारपणाचा विमा १८८३, अपघाताचा १८८४, म्हातारपणाचं पेन्शन १८८९, हे त्याने आणलं. समाजवाद्यांवर बंदीही त्यानेच घातली होती. एका हाताने दंडुका, दुसऱ्या हाताने पेन्शन. आणि '६५ला निवृत्ती बिस्मार्कने ठरवली' हा व्हॉट्सअॅपी समज चुकीचा आहे. त्याने ७० ठरवली होती, ६५ झाली १९१६ला. शिवाय त्याच्या नावाने व्हिनेगरात मुरवलेला हेरिंग मासा मिळतो. मला पेन्शनपेक्षा तो जास्त भावतो.

निमूट

अवांतर: १० ऑगस्ट ही तारीख ताईंच्या लेखात आली. १० ऑगस्ट १८९६ला अजून एक ओटो गेला, लिलिएनताल. करकोचे कसे उडतात ते वर्षानुवर्षं बघून, मोजून पुस्तक लिहिलं (१८८९), मग स्वतः पंख बांधून टेकडीवरून उड्या मारायला लागला. बर्लिनजवळ सोयीची टेकडी मिळेना, तर १८९४ला मातीची टेकडी उभी केली. पाच वर्षांत दोन हजारांवर उड्डाणं. सगळ्यात लांब २५० मीटर. ९ ऑगस्टला वाऱ्याच्या झोताने पंख थांबल्यासारखे झाले, खाली आला, मणका मोडला, दुसऱ्या दिवशी गेला. राइट बंधूंनी सुरुवात केली ती त्याचेच आकडे हाताशी घेऊन. बर्लिनच्या टेगेल विमानतळाला त्याचं नाव होतं. तो विमानतळही २०२०ला बंद झाला.

खडू-फळा

निवृत्त रसायनशिक्षिका. नोबेलची यादी चाळली, मला सात ओटो सापडले: वालाख (१९१०), मायरहोफ (१९२२), वारबुर्ग (१९३१), लोवी (१९३६), श्टेर्न (१९४३), हान (१९४४), डील्स (१९५०). चाळीस वर्षांत सात. त्या पिढीत घराघरात ओटो होते, म्हणून प्रयोगशाळेतही होते. पैकी तिघांच्या गोष्टी वर्गात सांगायचे, त्या इथे.

ओटो श्टेर्न. १९२२ला गेर्लाखबरोबर चांदीचे अणू चुंबकातून पाठवले, काचेवर डाग उमटायला हवा होता. गेर्लाखने काच आणून दाखवली तर काहीच नाही. दोघं वाकून बघत होते आणि बघता बघता डाग काळा होऊन वर यायला लागला. श्टेर्नचा पगार बेताचा, त्यामुळे सिगार स्वस्तातला, त्यात गंधक भरपूर. त्या श्वासाने चांदीचं सल्फाइड झालं. धनाजीकडे धन असतं तर सिगार चांगला असता आणि डाग दिसला नसता.

ओटो लोवी. रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत कागदावर खरडला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी उठून थेट प्रयोगशाळेत गेला. दोन बेडकांची हृदयं. एकाची मज्जातंतू चेतवून गती मंद केली, त्याभोवतीचं द्रव दुसऱ्यावर घातलं, तर दुसरंही मंदावलं. म्हणजे मज्जातंतू रसायनातून बोलतात. पुढे १९३८ला नाझींनी ऑस्ट्रिया घेतला तेव्हा लोवी ज्यू म्हणून तुरुंगात. देश सोडायची परवानगी दिली ती नोबेलचे पैसे त्यांच्या बँकेत वळते करून घेऊन.

आणि हान. १९३८च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये हान आणि श्ट्रासमान यांना युरेनियममधून बेरियम मिळालं, आणि पटेना. हानने पत्र लिहिलं लीझ माइटनरला. तीस वर्षांची सहकारी, त्याच उन्हाळ्यात जीव घेऊन पळालेली. निघताना हानने आईची हिऱ्याची अंगठी तिच्या हातात ठेवली होती, सरहद्दीवर कुणाचा हात ओला करायला लागला तर. नाताळात ती स्वीडनमध्ये होती, भाचा भेटायला आला होता. बर्फात फिरता फिरता, एका ओंडक्यावर बसून, चिठोऱ्यांवर आकडे मांडत दोघांनी उलगडलं की अणूचं केंद्रक दुभंगलंय. त्याला नाव दिलं भाच्याने, पेशी दुभंगतात त्या जीवशास्त्रातल्या शब्दावरून. भाच्याचं नाव ओटो फ्रिश. एका ओटोने फोडला, दुसऱ्याने बारसं केलं. नोबेल मात्र एकट्या हानला, आणि ते जाहीर झालं तेव्हा तो इंग्लंडमध्ये नजरकैदेत होता. माइटनरला नाही. हे सांगताना वर्गातल्या मुली दर वर्षी न चुकता चिडायच्या, आणि मी त्यांना चिडू द्यायचे.

वहीतलं पान

ओटो फ्रांक यांचं नाव यायला हवं. अॅनचे वडील. अॅमस्टरडॅमच्या त्या घरात लपलेल्या आठ जणांपैकी छळछावणीतून एकटे परत आले. मुलीची डायरी त्यांच्या हाती दिली गेली, ती त्यांनी १९४७ला छापली.

एल्बेकाठी

हो. धन्यवाद.

पाना-स्क्रू

आपल्याकडचा एक ओटो राहिला. ओटो क्योनिग्सबेर्गर, बर्लिनचा वास्तुविशारद, जन्म १९०८. नाझींमुळे देश सुटला, १९३९ला म्हैसूर संस्थानाचा मुख्य वास्तुविशारद झाला. बेंगळुरूत काही इमारती त्याच्या आहेत. भुवनेश्वरचा १९४८चा नगर-आराखडा त्याचा. फाळणीनंतर निर्वासितांच्या घरांचं काम दिल्लीत बघितलं. उन्हाच्या देशात भिंत कुठे हवी आणि सावली कुठे, हे तो इथे शिकला आणि पुढे लंडनला जाऊन शिकवलं.

चष्मेबहाद्दर

मग एवढं मोठं नाव मध्येच पडलं कसं? मी नव्वदच्या दशकात हांबुर्गला होतो, तेव्हा ओटो म्हणजे कुणाचे तरी आजोबाच.

एल्बेकाठी

आमच्या शेजारच्या आजी (ऐंशी पार) सांगतात की त्यांच्या वर्गात तीन ओटो होते, त्यांच्या मुलांच्या वर्गात एकही नाही. आजोबांचं नाव म्हणून ते म्हातारं झालं. त्यात १९४८च्या एका सिनेमातलं पात्र 'ओटो नोरमालफरब्राउखर', म्हणजे 'सर्वसाधारण ग्राहक ओटो'. युद्धानंतर रेशनकार्डावर ज्याला जादा काहीच मिळत नाही, असा कुणीही. ते नाव इतकं रुळलं की आजही पेपरात 'ओटोला महागाई झेपेल का' असं वाचायला मिळतं. सम्राटाचं नाव सरळ रेशनच्या रांगेत. आणि (जेवत असाल तर पुढे वाचू नका) जुलाब झाले की इथे त्याला 'चपळ ओटो' म्हणतात.

आता गेल्या पंधरा-वीस वर्षांत परत आलंय. पणजोबांच्या पिढीचं म्हटल्यावर पुन्हा गोड वाटतं बहुतेक. छोट्या ओटोच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, छोटं आहे, उलटं वाचलं तरी तेच (Otto), आणि पणजोबांचं आहे.

अमरकोश

उलटं वाचलं तरी तेच: कनक. अर्थही जवळच लागला की!

आपल्याकडे रमा, उमा, जानकी परत आल्या. धोंडू आणि दगडू अजून रांगेत आहेत.

आळूवडी

माझ्या पणजोबांचं नाव धोंडू होतं. आधीची दोन मुलं गेली म्हणून. आमच्या घरात ते नाव परत आणायला कुणी धजत नाही, पण कुणी हसतही नाही.

एल्बेकाठी

आज आईचा कॉल झाला. धाग्यातलं बरंच वाचून दाखवलं. राजा मुळाक्षरं शिकला ते दोनदा वाचायला लावलं. बिस्मार्कच्या माशात रस दाखवला नाही. ठेवता ठेवता म्हणाली, "आणि त्या धाकट्या धनाजीची सर्दी गेली का गं? ओवा पुरचुंडीत बांधून छाती शेकायला सांग त्याच्या आईला."

आता ओव्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते शोधतेय.